डायमॉक्स घेतली म्हणजे लेहला त्रास होणार नाही का?

पनवेलहून मध्यरात्री दोन-अडीचला टॅक्सी निघते. पहाटेच्या विमानाने दिल्ली, तिथून दुसऱ्या विमानाने लेह. दुपारच्या जेवणाआधी माणूस हॉटेलच्या खोलीत पोहोचलेलाही असतो. आदल्या रात्री तो खाडीकाठच्या शहरात, जवळपास समुद्रसपाटीवर झोपलेला होता. आता तो सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. मधल्या प्रवासात त्याच्या शरीराला या बदलाची तयारी करायला एकही दिवस मिळालेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलच्या शेजारी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यामुळे या भागातल्या लोकांना विमानतळ जवळ आला. लेह मात्र तेवढ्याच उंचीवर आहे. लडाख, केदारनाथ किंवा अमरनाथला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: ‘डायमॉक्स घेऊन ठेवा, काही होत नाही.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर असतो. दुसऱ्या अर्ध्यामुळे लोक अडचणीत येतात.

हवेत नेमकं काय कमी होतं?

उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर पनवेलच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि खारदुंग ला खिंडीतही तेवढाच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासागणिक फुफ्फुसात जाणारा ऑक्सिजन घटतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला इथे तो जेमतेम निम्म्यावर येतो.

शरीर यावर तोडगा काढतं. श्वास वाढतो, नाडी जलद होते, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने बसवायला लागतात. ही जुळवाजुळव व्हायला काही दिवस लागतात. तेवढा वेळ मिळाला नाही, की पहिल्याच संध्याकाळी डोकं दुखायला लागतं.

इथे पनवेल परिसरातल्या ट्रेकर मंडळींचा एक गैरसमज दूर करायला हवा. दर रविवारी प्रबळगड-कलावंतीण चढणाऱ्याला आपल्याला काही होणार नाही असं वाटतं. पण प्रबळगडाची उंची सुमारे ७०० मीटर आहे. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर असलेलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरचं. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे अख्ख्या सह्याद्रीत त्याचा सराव होईल अशी एकही जागा नाही. गडावर चढून पाय आणि दम तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस लवकर वर पोहोचतो, पहिल्याच दिवशी फिरायला बाहेर पडतो आणि डोकं दुखत असलं तरी सांगत नाही. तिशीतला धावपटू आडवा झालाय आणि सत्तरीच्या आजी निवांत चहा पीत बसल्या आहेत, असं चित्र म्हणूनच दिसू शकतं.

एकाच नावाखाली तीन आजार

पहिला आणि सर्वात जास्त आढळणारा आजार म्हणजे ‘एएमएस’. डोकेदुखी हे त्याचं मुख्य लक्षण. जोडीला मळमळ, जेवण नको होणं, गरगरणं किंवा गळून गेल्यासारखं वाटणं. हा त्रास वर पोहोचल्यावर काही तासांतच सुरू होतो. आणखी वर न जाता विश्रांती घेतली, तर बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो.

दुसरा आजार म्हणजे मेंदूला सूज येणं. एएमएस अंगावर काढत वर जात राहिलं, तर क्वचित ही वेळ येते. माणूस असंबद्ध बोलतो, झोपाळल्यासारखा होतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. तिसरा म्हणजे फुफ्फुसात पाणी होणं. सैन्यात त्याला ‘हॅपो’ म्हणतात. हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. आधी चालताना नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, मग कोरडा खोकला सुरू होतो, आणि नंतर बसल्या जागीही धाप लागते. तो डोकेदुखी नसतानाही होऊ शकतो. त्यामुळे ‘डोकं दुखत नाही, म्हणजे उंचीचा त्रास नाही, सर्दी झाली असेल’ हा निष्कर्ष महागात पडतो.

या आजारांबद्दल जगाला जी माहिती आहे, तिचा मोठा भाग भारतीय जवानांच्या हालांमधून आला आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले सैनिक विमानाने थेट लडाखमध्ये उतरवले गेले. शत्रू समोर येण्याआधीच अनेकांना विरळ हवेने गाठलं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावर लिहिणारे आजही त्याचा दाखला देतात.

त्या अनुभवातून सैन्याने वेळापत्रक ठरवलं. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यावर जवानाला सहा दिवस दिले जातात. त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती असते. त्यावर ४,५०० मीटरपर्यंतच्या टप्प्याला आणखी चार दिवस, आणि त्याच्याही वर जायचं तर पुन्हा चार. हे आकडे सहा दिवसांत लेह, नुब्रा आणि पँगाँग दाखवणाऱ्या सहलीच्या पत्रकाशेजारी ठेवून बघावेत. सैन्य जेवढे दिवस पहिल्या टप्प्यासाठी राखून ठेवतं, तेवढ्यात पर्यटक सगळं बघून परतीच्या विमानात बसलेला असतो.

गोळी नेमकं काय करते?

डायमॉक्स हे ब्रँडचं नाव. आतलं औषध ॲसिटाझोलामाइड. १९५० च्या दशकात आलेलं हे औषध डोळ्यांचे डॉक्टर काचबिंदूसाठीही देतात. त्यामुळे एखाद्याच्या घरी आजोबांच्या औषधांच्या डब्यात ते आधीपासूनच असू शकतं.

उंचावर माणूस जोरजोरात श्वास घेतो. त्यामुळे ऑक्सिजन थोडा जास्त मिळतो, पण सोबत कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र हे ओळखतं आणि ‘पुरे, आता हळू’ असा इशारा देतं. ऑक्सिजन कमी आहे म्हणून श्वास वाढवायचाय, आणि रक्ताचा तोल बिघडतोय म्हणून आवरायचाय, अशी ओढाताण सुरू होते. रात्री झोपेत ती जास्त जाणवते. श्वास काही सेकंद थांबतो, मग मोठा उसासा येऊन माणूस दचकून जागा होतो. लेहमधल्या पहिल्या रात्रीची तुटक झोप बरेचदा यामुळेच असते.

मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. ॲसिटाझोलामाइड त्यांच्याकडून तेच काम काही तासांत सुरू करून घेतं. रक्त किंचित आम्लधर्मी होतं, श्वासावरचा लगाम सुटतो, रात्रीही श्वास बऱ्यापैकी चालू राहतो. म्हणजे ही गोळी लक्षणं झाकत नाही. शरीर जे करणारच होतं, ते ती लवकर करायला लावते. उंचीच्या त्रासावरच्या औषधांमध्ये तिला पहिली पसंती मिळते ती यामुळे.

प्रतिबंधासाठी प्रौढांना सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली जाते. भारतात मिळणारी गोळी बहुतेक वेळा २५० मिलिग्रॅमची असते, म्हणजे अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. ती वर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि मुक्कामाच्या उंचीवर पोहोचल्यावर दोनेक दिवस चालू ठेवायची. विमानाने थेट लेह गाठणारे सगळेच जास्त धोक्याच्या गटात मोडतात, कारण एका दिवसात ३,५०० मीटरपर्यंत जाणं हीच मोठी उडी आहे. त्यांनी ही गोळी घ्यावी का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), मग कारगिल (सुमारे २,७०० मीटर) असे मुक्काम करत रस्त्याने जाणाऱ्यांना तिची गरज कमी पडते. मनाली-लेह रस्त्याचं तसं नाही. तिथे मधला मुक्काम अनेकदा सरचूला पडतो आणि ती जागा लेहपेक्षाही उंच, सुमारे ४,३०० मीटरवर आहे. ‘रस्त्याने गेलो, म्हणजे हळूहळू चढलो’ हे दर वेळी खरं नसतं.

गोळीचे दुष्परिणाम त्रासदायक असले तरी सहसा धोक्याचे नसतात. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, लघवी वारंवार होते, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच न पिण्याची युक्ती अनेकजण गाडीच्या प्रवासात करतात. ती करू नये. पण लिटरच्या लिटर पाणी पिऊनही उंचीचा त्रास टळत नाही. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटून वेगळाच आजार होऊ शकतो. तहानेपुरतं आणि त्याहून थोडं जास्त, एवढं पुरे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये, असेही काहीजण आहेत. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी असलेले, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, आणि रोज मोठ्या डोसमध्ये ॲस्पिरिन घेणारे. यात्रा कंपन्यांसोबत जाणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण या यादीत बसतात. गोळी सोसते का हे बघायचं असेल, तर निघण्याआधी आठवडाभर घरीच, डॉक्टरांना सांगून, एक-दोन डोस घेऊन पाहता येतात. मुंग्या आल्या तर पनवेलमध्ये आलेल्या बऱ्या. लेहला आल्या तर हा औषधाचा परिणाम की उंचीचा, याचाच घोळ होतो.

दुसऱ्या गोळ्या आणि त्यांचे धोके

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड काही गिर्यारोहक सोबत ठेवतात. ते झपाट्याने बरं वाटायला लावतं आणि मेंदूला सूज आली असेल तर जीव वाचवू शकतं. पण विरळ हवेशी जुळवून घ्यायला ते शरीराला मदत करत नाही. त्याचा असर असेपर्यंत त्रास दबलेला राहतो. वरच असताना ते बंद केलं, तर तो उसळून परत येऊ शकतो. ‘डेक्सा घेतली, बरं वाटलं, चला पुढच्या खिंडीत’ यासारखी धोकादायक चूक दुसरी नाही. शिवाय स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, हे मधुमेह असलेल्यांनी ध्यानात ठेवायला हवं. ॲसिटाझोलामाइड ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर प्रतिबंध म्हणूनही डेक्सामेथासोन सुचवू शकतात. तो निर्णय त्यांनीच घ्यायचा.

फुफ्फुसात पाणी होण्याचं कारण निराळं आहे. ऑक्सिजन घटल्यावर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यांच्यातला दाब चढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. तिथे ऑक्सिजन आणि खाली उतरणं हाच मुख्य उपाय. ते ताबडतोब शक्य नसेल तर निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरतात. ज्यांना हा आजार पूर्वी एकदा झालाय, त्यांनाच ते प्रतिबंधासाठीही दिलं जातं. सरसकट सगळ्यांसाठी ते नाही.

पाणी झालंय म्हणून लघवी वाढवणारं औषध द्यावं, असं कुणालाही वाटेल. पूर्वी डॉक्टर तसं करतही. आता उंचीवरच्या आजारात ते सुचवलं जात नाही. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं, आणि असा रुग्ण बरेचदा कोरडा पडलेला असतो. रायगड जिल्ह्यातल्या लोकांना याचं एक जवळचं उदाहरण ठाऊक आहे. विंचवाच्या दंशानेही फुफ्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा वापर करून कोकणात असंख्य जीव वाचवले. दोन्हीकडे तक्रार एकच, ‘छातीत पाणी’. पण विंचवाचं विष हृदयावर ताण आणतं, तर उंचीवर हृदय ठणठणीत असतं. म्हणून एका आजाराचं औषध दुसऱ्यावर आपल्या मनाने वापरता येत नाही.

साध्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चालतं. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी घेणं किंवा थंडी वाजते म्हणून दारू पिणं मात्र टाळावं. दोन्हींनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो.

कापूर, कोका ३० आणि ऑक्सिजनचा डबा

मराठी ट्रेकरच्या खिशात कापराची पुडी असतेच. वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. तेवढंच. कापराने हवेचा दाब वाढत नाही आणि रक्तातला ऑक्सिजनही वाढत नाही. ‘कोका ३०’ या होमिओपॅथीच्या गोळ्या लडाखला जाणाऱ्यांमध्ये प्रचंड लोकप्रिय आहेत, पण त्यांनी उंचीचा त्रास टळतो याचा भरवशाचा पुरावा नाही. या गोष्टी सोबत ठेवल्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो त्यांच्या भरवशावर दुसऱ्याच दिवशी पँगाँग गाठल्याने.

ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटं पुरतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि डबा संपला की स्थिती पुन्हा पहिल्यासारखी होते.

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेक घरांमध्ये अजून आहे. तो नेण्यात काही चूक नाही, पण त्यावरचा आकडा वाचता यायला हवा. पनवेलमध्ये ८८ दिसला तर रुग्णवाहिका बोलवावी लागेल. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० च्या दरम्यानचा आकडा धडधाकट माणसालाही दिसतो. गार पडलेली बोटं आणि नेलपॉलिश यांनी तो आणखी चुकतो. सोबतच्या सगळ्यांचे आकडे ८८-९० असताना एकाचाच ७४ असेल, तर मात्र त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. आकडा बरा असला, पण माणूस बरा दिसत नसला, तर भरवसा माणसाच्या अवस्थेवर ठेवावा.

कधी थांबायचं, कधी उतरायचं?

डोकेदुखी आणि मळमळ असेल, तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, मग गाडीचे पैसे भरलेले असोत की परमिट काढलेलं असो. डॉक्टरच्या सल्ल्याने उपचार म्हणून ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देता येतं. दिवसभरात उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तर खाली उतरायचं.

मेंदूच्या सुजेसाठी एक साधी तपासणी आहे. जमिनीवर सरळ रेघ धरून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल जात असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, खोकल्यातून फेस येत असेल, तरीही तेच. अशा माणसाला खोलीत एकटं झोपवू नये.

खाली उतरा म्हणणं सोपं आहे, पण लेहचा भूगोल आडवा येतो. तिथून मनालीकडे जाणारा रस्ता आधी ५,३०० मीटरच्या वरच्या तागलांग ला खिंडीत चढतो. श्रीनगरकडचा रस्ता ४,१०८ मीटरवरच्या फोटू लामधून जातो. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढावं लागतं. म्हणून लेह शहरात असाल, तर आधी तिथल्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी जाऊन ऑक्सिजन सुरू करणं शहाणपणाचं. फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या नजरेखाली, ऑक्सिजन आणि सक्तीच्या विश्रांतीवर तिथेच बरं करता येतं. पँगाँगच्या काठावरच्या तंबूत मात्र ही सोय नाही. तो तलाव सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तिथून लेहला परतणं म्हणजेच ७५० मीटर उतरणं, पण वाटेत चांग ला ओलांडावी लागते.

त्यामुळे सहलीचा क्रम ठरवतानाच निम्मं काम होतं. लडाख प्रशासनही पर्यटकांना पहिले ४८ तास लेहमध्ये विश्रांती घ्यायला सांगतं. त्यानंतर आधी नुब्रा करावं. वाटेत खारदुंग ला लागतो, पण तिथे काही मिनिटंच थांबायचं असतं आणि रात्रीचा मुक्काम हुंदर-दिस्कितला सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली पडतो. शरीराच्या दृष्टीने दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्री झोपण्याची उंची जास्त महत्त्वाची. ३,००० मीटरच्या पुढे ती एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. पँगाँगचा मुक्काम शेवटी ठेवावा. सोबत वयस्कर मंडळी असतील, तर तो दिवसाचा फेरफटका करून लेहला परतावं.

केदारनाथचं गणित थोडं वेगळं आहे. गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. पायी, घोड्यावर किंवा हेलिकॉप्टरने, बहुतेकजण एका दिवसात वर पोहोचतात. हेलिकॉप्टरने जाऊन, दर्शन घेऊन लगेच उतरणाऱ्याला एएमएस व्हायला तेवढा वेळच मिळत नाही. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल, तर मात्र तेवढा वेळही जास्त ठरू शकतो, म्हणून त्यांनी आधी तपासून घ्यावं. वर मुक्काम करायचा असेल, तर सगळे नियम लेहसारखेच.

मागच्या वर्षी काही झालं नाही, म्हणून यंदा गोळी नको आणि विश्रांतीही नको, असंही लोक म्हणतात. विरळ हवेची कमावलेली सवय खाली आल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरते. सुट्टीवर गावी आलेला जवान परत लडाखला गेला, की त्याचे विश्रांतीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. उंचावर जन्मलेली, वाढलेली माणसंही काही आठवडे मैदानात राहून घरी परतल्यावर फुफ्फुसात पाणी होऊन आजारी पडल्याच्या नोंदी आहेत.